प्रतिसाद: मुलींच्या हातात सेटिंग द्या

वर एका ताईंनी लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मुलींना इन्स्पेक्शनच्या (मापं तपासायच्या) टेबलावर बसवतात, मशीनचं सेटिंग (जॉब म्हणजे कापायचा भाग आणि टूल लावून मशीन तयार करणं) देत नाहीत. खरं आहे, आणि पगार वाढतो तो सेटिंगनेच. म्हणून जिला येतं तिने नवीन मुलीला व्हीएमसीवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) शेजारी उभं करायचं. आधी जी-५४ घेणं, म्हणजे जॉबचा शून्य बिंदू मशीनला देणं, मग टूल लेंथ, म्हणजे टूलची लांबी. चुका इथेच होतात: टूल टी-३ (तीन नंबरचं) आणि प्रोग्रॅममध्ये एच-४ (चार नंबरच्या टूलची लांबी) राहिला की टूल थेट जॉबवर आदळू शकतं. पहिला जॉब झेड (वर-खाली अक्ष) १०० मिमी वर उचलून, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ), रॅपिड (न कापता होणारी वेगवान चाल) २५ टक्क्यांवर चालवायला लावा. बटणं तिलाच दाबू द्या. आपण दाबून दाखवलं तर हात बसत नाही.

कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) सालीत वाळू असू शकते, पहिल्या कटला इन्सर्टचं (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याचं) टोक उडू शकतं. इन्सर्ट बदलला की ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं टूलचं माप) पुन्हा तपासायचा, नाहीतर बोअरचं (आतल्या भोकाचं) माप जातं. एका वहीत तारीख, जॉब, सेटिंग कुणी केलं हे लिहून सुपरवायझरची सही घ्या. पगारवाढीच्या वेळी तोंडी सांगणं कुणी धरत नाही.

सेफ्टी शूज ४-५ नंबरचे एकत्र मागवा, एकटीने मागितले तर टाळतात. ओढणी, बांगड्या काढून, केस टोपीत.

लैंगिक त्रास झाला तर १० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार ३ महिन्यांत, लेखी. लिहायला तिच्यासोबत बसा.