स्मार्ट स्विचवर व्हीलॅन केले, पण पीसीला जुन्याच नेटवर्कचा आयपी मिळतोय

जोडणी२४
२४ पोर्टच्या वेब-मॅनेज्ड स्विचवर ८०२.१क्यू (माहितीच्या तुकड्यावर, म्हणजे फ्रेमवर, व्हीलॅन क्रमांकाचा टॅग लावण्याची पद्धत) चालू करून तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्कं) केले आहेत: १० कर्मचाऱ्यांसाठी, २० पाहुण्यांच्या वायफायसाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी. राउटरवर तिन्हींचे इंटरफेस आहेत (१९२.१६८.१०.१, २०.१, ३०.१) आणि प्रत्येकावर डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) चालू आहे. मूळचं १९२.१६८.१.० व्हीलॅन १ वर तसंच आहे, स्विचचा पत्ता १.२.

पोर्ट १ ला राउटर, पोर्ट २ ला ॲक्सेस पॉइंट, ३ ते १० कर्मचारी, ११ ते २२ कॅमेरे आणि रेकॉर्डर. पोर्ट १ चारही व्हीलॅनमध्ये (१ धरून) अनटॅग्ड, म्हणजे टॅगशिवाय, ठेवलाय. पोर्ट २ हा १ मध्ये अनटॅग्ड, १० आणि २० मध्ये टॅग्ड. बाकीचे पोर्ट आपापल्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड.

पोर्ट ५ वरच्या पीसीला १०.x ऐवजी १.x चा पत्ता मिळतो. पाहुण्यांच्या वायफायला फोन जोडला जातो, पण आयपी मिळतच नाही. पोर्ट ५ चा पीव्हीआयडी (पोर्टचा ठरलेला व्हीलॅन क्रमांक) १० करून पाहिला, तरी तेच. कुठे चुकतंय?

पॅकेटवाचक
दोन चुका एकमेकींना झाकताहेत, म्हणून एकच सुधारून फरक दिसला नाही.

सदस्यत्वाच्या तक्त्यातलं टॅग्ड-अनटॅग्ड मुख्यतः फ्रेम पोर्टमधून *बाहेर* पडताना काय होईल ते ठरवतं. टॅग नसलेली फ्रेम *आत* आली की ती कोणत्या व्हीलॅनची, हे पीव्हीआयडी ठरवतो. पोर्ट ५ चा पीव्हीआयडी १ होता, म्हणून पीसीची डीएचसीपी विनंती व्हीलॅन १ मध्ये गेली. तो पोर्ट व्हीलॅन १ मध्येही अनटॅग्ड सदस्य आहेच (मुळात सगळे असतात), त्यामुळे उत्तरही बिनबोभाट परत आलं.

पीव्हीआयडी १० केल्यावर विनंती व्हीलॅन १० मध्ये गेली, पण पोर्ट १ वर १० अनटॅग्ड असल्याने टॅग काढूनच राउटरकडे पोचली. राउटरने ती व्हीलॅन १ ची समजून १.x चा पत्ता दिला. ते उत्तर पोर्ट १ च्या पीव्हीआयडी १ मुळे व्हीलॅन १ मध्ये शिरलं आणि पोर्ट ५ अजून त्याचा सदस्य असल्याने पीसीपर्यंत गेलं. फोनचंही असंच: विनंती टॅग गमावून राउटरकडे जाते, उत्तर ॲक्सेस पॉइंटकडे टॅगशिवाय येतं, आणि पाहुण्यांच्या एसएसआयडीला (वायफायच्या नावाला) फक्त २० चा टॅग असलेल्या फ्रेम जातात.

हवी ती मांडणी:

पोर्ट १: व्हीलॅन १ अनटॅग्ड, १०-२०-३० टॅग्ड, पीव्हीआयडी १.
पोर्ट २: आहे तसाच, पीव्हीआयडी १. इथे ३० ची गरज नाही.
३ ते १०: फक्त १० मध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०, व्हीलॅन १ मधून बाहेर.
११ ते २२: तसंच, पण ३०.
२३ आणि २४: व्हीलॅन १ मध्येच.

क्रम पाळा: आधी नव्या व्हीलॅनचं सदस्यत्व, मग पीव्हीआयडी, शेवटी व्हीलॅन १ मधून काढणं. पोर्ट ज्या व्हीलॅनचा सदस्य नाही तो पीव्हीआयडी बरेच स्विच स्वीकारत नाहीत, आणि पीव्हीआयडी असलेल्या व्हीलॅनमधून पोर्ट काढूही देत नाहीत.

शेवटची पायरी गाळू नका. आयपी बरोबर मिळाला की काम झालं असं वाटतं, पण पोर्ट व्हीलॅन १ मध्ये राहिला तर तिथलं ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेम) येतच राहतं. त्यातच आयपीव्ही६ ची राउटर जाहिरात असली तर पीसी त्या नेटवर्कचा आयपीव्ही६ पत्ता स्वतःहून घेतो. मग काही साइट उघडतात, काही लटकतात, आणि दोष डीएनएसवर (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर) जातो.

तारयंत्री
हे सगळं पोर्ट ५ वरून करू नका. लॅपटॉप पोर्ट २४ ला लावा, त्याला हाताने १९२.१६८.१.५० द्या आणि तिथूनच बदला. बसलेल्या पोर्टलाच व्हीलॅन १ मधून काढलं तर स्विचचं पान तिथल्या तिथे बंद होतं. आधी कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून ठेवा. 'सेव्ह' वेगळं असेल तर चाचणी होईपर्यंत दाबू नका, म्हणजे गडबड झाल्यास वीज काढून लावली की जुनी स्थिती येते. काही स्विच मात्र 'अप्लाय' दाबताच जतन करतात.

तपासायला मॅक पत्त्यांचा (नेटवर्क कार्डांच्या ओळख क्रमांकांचा) तक्ता उघडा. पीसीचा मॅक पोर्ट ५ वर, व्हीलॅन १० मध्ये दिसला पाहिजे. १ मध्ये दिसला तर पीव्हीआयडी चुकलाय. मुळीच दिसला नाही तर केबल किंवा इनग्रेस फिल्टरिंग (पोर्ट ज्या व्हीलॅनचा सदस्य नाही त्याच्या आत येणाऱ्या फ्रेम टाकून देणं) पाहा. पॅकेट कॅप्चरवर (पीसीवर टिपलेल्या पॅकेटांच्या नोंदीवर) लगेच भरवसा नको: विंडोजवर अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, त्यामुळे टॅग दिसला नाही म्हणजे तो नव्हताच असं ठरत नाही.

आणि पीसीला जुना पत्ता सोडून नवा घ्यायला लावा. लिंक तुटली नाही तर तो १.x धरून बसेल.

जोडणी२४
पोर्ट १ टॅग्ड केला, बाकीचे व्हीलॅन १ मधून काढले. पीसीला १०.x, फोनला २०.x मिळाला. आभार.

आता कॅमेऱ्यांना इंटरनेट नको, पण कर्मचाऱ्यांना रेकॉर्डर दिसायला हवा. कॅमेरे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला पीसीवरून एकही कॅमेरा सापडत नाही. शिवाय पाहुण्यांच्या वायफायवरून १९२.१६८.१०.x ला पिंग जातोय, ते कसं?

पॅकेटवाचक
पिंग जाणारच. स्विचने व्हीलॅन वेगळे केले, पण राउटरला सगळी नेटवर्कं थेट जोडलेली आहेत आणि फायरवॉलचा नियम नसेल तर बहुतेक राउटर ती आपसांत खुशाल जोडून देतात. अडवणूक तिथेच करायची. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून याच क्रमाने:

१. आधीच सुरू झालेल्या जोडण्यांची उत्तरं: परवानगी.
२. १० कडून ३० कडे: परवानगी.
३. ३० कडून राउटरकडे यूडीपी ६७ (डीएचसीपी) आणि १२३: परवानगी.
४. ३० कडून बाकी कुठेही: बंद.
५. २० कडून राउटरकडे यूडीपी ६७, तसंच डीएनएससाठी ५३ (यूडीपी आणि टीसीपी): परवानगी.
६. २० कडून राउटर आणि सर्व अंतर्गत नेटवर्कं: बंद. इंटरनेट चालू.

पहिला नियम विसरलात तर रेकॉर्डरचं उत्तर चौथ्यात अडकतं आणि दुसरा नियम बरोबर असूनही चित्र येत नाही. १२३ हे एनटीपी, म्हणजे घड्याळ जुळवण्याची सेवा. ते राउटरवर चालू करून कॅमेऱ्यांना ३०.१ हा वेळेचा सर्व्हर द्या, नाहीतर घड्याळं सरकतात आणि चित्रणावरची वेळ कामाची राहत नाही.

कॅमेरे सापडत नाहीत कारण ऑनव्हिफचा (कॅमेऱ्यांच्या सामाईक मानकाचा) शोध २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एका गटाला एकदम पाठवायच्या) पत्त्यावर, यूडीपी ३७०२ ने चालतो आणि तो व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. रेकॉर्डर ३० मध्येच असल्याने त्याला कॅमेरे सापडतील. पीसीवर रेकॉर्डरचा आयपी हाताने टाका आणि डीएचसीपीत तो राखून ठेवा.

तारयंत्री
पुढे दुसरा स्विच जोडलात तर दोन्ही टोकांच्या पोर्टवर टॅग्ड-अनटॅग्ड यादी तंतोतंत सारखी हवी, आणि व्हीलॅन दोन्हीकडे तयार केलेले हवेत. अनटॅग्ड व्हीलॅन एकीकडे १ आणि दुसरीकडे १० असला तर ती दोन नेटवर्कं गुपचूप एक होतात.

तो स्विच सिस्कोच्या कमांडवर चालणारा असेल तर एक गोष्ट जपा. चालू ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर) 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०' लिहिलं की ४० ची भर पडत नाही. आधीची यादी पुसून एकटा ४० उरतो आणि पलीकडचं सगळं तुटतं. 'व्हीलॅन' नंतर 'ॲड' लिहून मग ४० लिहायचं. दुरून काम करत असाल तर आधी 'रीलोड इन १०' द्या. जोडणी गेली तर १० मिनिटांनी स्विच जतन केलेल्या कॉन्फिगरेशनवर परत उठतो, आणि सगळं ठीक असलं तर 'रीलोड कॅन्सल' देऊन मग जतन करा.