मदत हवी आहे: पाळणाघरातल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये 'ईएसबीएल' आलंय

मनीषनगर_पाळणाघर: दोन वर्षांखालची ९ मुलं आहेत. एकाच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह आलं. औषध झालं, मूल आता खेळतंय. बाकीचे पालक म्हणतात, त्याला महिनाभर आणू नका, सगळ्यांची शी तपासा. काय करावं?

सूक्ष्मदर्शी: दोन्ही नको. ताप-जुलाब नसतील तर मुलाला येऊ द्या. हा ई. कोलाय जंतू आतड्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो, बाकीच्या आठांपैकी कुणाच्या पोटात तो आधीच असेल तर नवल नाही. निरोगी मुलाची शी तपासून पॉझिटिव्ह आली तरी द्यायला औषध नाही. उलट अँटिबायोटिकने साधे जंतू मरतात आणि याला जागा मोकळी होते. ईएसबीएल म्हणजे सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधं तोडणारं, जंतूनेच बनवलेलं एन्झाइम. त्याचं जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, म्हणून कुणाकडून आलं ते शोधत बसू नका. लंगोट बदलायची जागा बघा.

मनीषनगर_पाळणाघर: रबरी चादर आहे, फिनाईलने पुसतो. हात धुवायला बादली नि मग.

वॉर्ड_सिस्टर: बादलीच काढा आधी. शीचा हात मगाला लागतो, तोच मग पुढची बाई धरते. नळाखाली साबणाने २० सेकंद, बाळाचेही हात. नॅपकिन प्रत्येकाचा वेगळा. डायपर आतल्या बाजूने गुंडाळून झाकणाच्या डब्यात. डब्याला पायाने उघडणारं झाकण हवं.

चादर आधी साबणाच्या पाण्याने पुसा. घाण राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्च होतं. मग ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के लिहिलं असेल तर २५ मिली, ५ टक्के असेल तर २० मिली, पाणी घालून एकूण १ लिटर करा. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. ताईंना "दोन झाकणं टाका" सांगू नका, झाकणं सारखी नसतात, मापाचा कप द्या. द्रावण रोज ताजं. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, बाटली गॅलरीत राहिली की जोर उतरतो, आत अंधारात ठेवा. संडासच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

तोंडात जाणारी खेळणी धुऊन याच पाण्यात १० मिनिटं, मग नळाखाली खळखळून. कापडी बाहुल्या सध्या बाजूला ठेवा.

मनीषनगर_पाळणाघर: सॅनिटायझर चालेल ना?

वॉर्ड_सिस्टर: हात दिसायला स्वच्छ असेल तेव्हा. शी लागलेल्या हाताला नाही.

सूक्ष्मदर्शी: पालकांच्या ग्रुपवर मुलाचं नाव टाकू नका. एक मात्र स्पष्ट लिहा: सर्दीसाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक सिरप आणू नये. सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. पाण्यासारखे जुलाब झाले तर आधी ओआरएस. झिंक सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिग्रॅ, लहानग्यांना १०, डॉक्टरांना विचारून १४ दिवस. शीत रक्त दिसलं किंवा मूल मलूल झालं तर थेट डॉक्टर.

आणि त्या मुलाच्या आईला सांगा, रिपोर्टची झेरॉक्स फाइलला ठेवा. पुन्हा ताप आला, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात किंवा ॲडमिट करावं लागलं, तर ती आधी दाखवा. लघवीचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायला हवा. पिशवी चिकटवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे मधली धार निर्जंतुक डबीत धरा. तासाभरात लॅबला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये. मे महिन्यात डबी गाडीच्या डिकीत राहिली तर जंतू तिथेच वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो.