पणत्या विकत घेणं म्हणजे रोजगार देणं नव्हे

गिरणाकाठ (धागाकर्ता)

परवा एका ओळखीच्या गृहस्थांची पोस्ट खूप फिरली. विशेष शाळेच्या दिवाळी स्टॉलचा फोटो, समोर रंगवलेल्या पणत्या, आणि खाली मजकूर: ‘ही देवाची लेकरं कधी मोठी होत नाहीत. दोन पणत्या घ्या, त्यांना स्वाभिमानाने जगू द्या.’ त्याखाली बदामांचा सडा.

त्या फोटोत मागच्या रांगेत मिशीवाला उभा आहे तो माझा धाकटा भाऊ, बौद्धिक अक्षमता असलेला. वय 23. दाढी स्वतः करतो, मोबाइलवर गाणी लावतो, शेजारच्या लग्नात नाचायला सगळ्यांच्या पुढे. तो लेकरू नाही. आणि पणत्यांचा स्वाभिमान म्हणाल तर पावसाळ्यात राख्या, मग पणत्या, उरलेलं वर्ष कागदी पाकिटं. हातात पडतं ते चहा-बिस्किटाचे पैसे आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते एक गुलाबाचं फूल.

आधी अशा पणत्या-पाकिटांच्या कार्यशाळेत ‘तयार’ करायचं आणि मग काम शोधायचं, हा क्रमच मला चुकीचा वाटतो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं हीच तर या मुलांची मुख्य अडचण. भाऊ वर्गात पन्नासची नोट ओळखतो, किराणा दुकानात गडबडतो. मग काम जिथे आहे तिथेच का नाही शिकवायचं? सुरुवातीला सोबत एक माणूस द्यायचा, जमायला लागलं की त्याने हळूहळू बाजूला व्हायचं. अमेरिकेत 1980 च्या दशकापासून हे चालू आहे. तिथे मुलगा 16 चा व्हायच्या आत शाळेला त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा कागदावर मांडावा लागतो, कायद्यानेच. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 18 पर्यंत मोफत शिक्षण आहे, सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. शाळा सुटली की नोकरीपर्यंत त्याचा हात कोणी धरायचा, त्याला माणूस नाही, पद नाही, पैसा नाही.

मग पोरगं घरी बसतं. वजन वाढतं, चिडचिड वाढते, शाळेने दहा वर्षं शिकवलेलं दोन वर्षांत जातं. आणि आपणच म्हणायचं, याला कोण कामावर ठेवणार?

---

अमळनेरची बाई

मी कार्यशाळेतच शिकवते, त्यामुळे हे माझ्यासाठीच लिहिलंय असं समजून उत्तर देते.

पणती रंगवणं म्हणजे टाइमपास वाटतो तुम्हाला. ज्या मुलाला दहा मिनिटं एका जागी बसता येत नव्हतं तो दोन तास बसतो. ब्रश धुतो, झाकण लावतो, झालेलं काम मोजून ट्रेमध्ये ठेवतो, पाळी आली की थांबतो. ही सगळी नोकरीचीच तयारी आहे. तुमचा भाऊ दाढी स्वतः करतो ना? ती कोणी शिकवली, तेही लिहा एकदा.

आणि ‘सोबत एक माणूस’ म्हणजे कोण? आमच्याकडे मुलं भरपूर, शिक्षक मोजके, आणि आमचाच पगार वेळेवर होत नाही. एका मुलाबरोबर मी महिनाभर दाल मिलमध्ये जाऊन बसले तर बाकीच्यांना कोण बघणार? तुम्ही याल?

---

गिरणाकाठ

बाई, दाढी वडिलांनी शिकवली. पण दोन तास बसायचं तुम्हीच शिकवलं असेल, तेवढं मान्य. माझा प्रश्न बसण्याच्या पुढचा आहे. तो गेली पाच वर्षं बसतोच आहे.

---

चोपड्याची आई

माझी मुलगी 21 वर्षांची आहे. मुलाचं लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कधी सुचत नाही, ती मी सांगते. मुलीला एकटीला एसटीत बसवायचं का?

तिला तिकिटात 75 टक्के सवलत, मला बायकांची 50 टक्के. स्वस्तात दोघी जाऊ. पण रोज तिला सोडायला आणि आणायला मी गेले तर माझी शिलाई कोणी करायची? आणि गर्दीत कोणी अंगचटीला आलं तर ती सांगू शकत नाही. मला कार्यशाळा आवडते असं नाही. तिथे दाराला कडी असते आणि बाई ओळखीच्या असतात, एवढ्यासाठी पाठवते.

शिवाय पेन्शन. संजय गांधी योजनेत दिव्यांगांचे 1500 चे 2500 झाले, ऑक्टोबर 2025 पासून. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. कुणी तिला महिना 5 हजार दिले तर वर्षाचे 60 हजार होतात, म्हणजे दाखल्यावर ती ‘श्रीमंत’. नोकरी चार महिन्यांत सुटली तर? पेन्शन पुन्हा सुरू करायला तहसीलच्या चकरा मी मारायच्या. त्यापेक्षा 2500 बरे. हिशोब मलाही येतो.

---

चटईवाला

कारखानदारांची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे. माझ्याकडे मूकबधिर पोरं आहेत, उत्तम काम करतात, लूमच्या आवाजाचा त्यांना त्रासच नाही. पण एक मतिमंद मुलगा एका संस्थेच्या आग्रहाखातर ठेवला होता. बाकीच्या कामगारांनी महिन्याभरात त्याला तंबाखू आणि शिव्या शिकवल्या, त्याच्या डब्यातली पोळी पळवायचे. वडील येऊन मलाच बोलले. मशीनमध्ये हात गेला तर जबाबदार कोण? मीच ना?

आणि पूर्ण पगाराचा आग्रह. अर्ध्या कामाला अर्धा पगार यात चूक काय? 1948 च्या किमान वेतन कायद्यातच अपंग कामगारांना सूट होती, कलम 26. वाचा.

---

काठीवाला

वाचलं. त्यात लिहिलं होतं की सरकार अटी घालून तसं फर्मान काढू शकतं. मालकाने गल्ल्यावर बसून ठरवावं असं कुठेही नव्हतं. आणि आता तो कायदाच गेला, नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. ‘आवाजाचा त्रासच नाही’ हा विनोद असेल तर फालतू आहे. त्यांना हाक ऐकू येत नाही, मशीनचा बिघडलेला आवाजही ऐकू येत नाही. धोक्याचा दिवा बसवलाय का?

स्वतःचं सांगतो. दीड वर्षाचा असताना पोलिओ. दहावीला पहिला वर्ग, बीकॉम, टायपिंग. सरकारी नोकरी लागेपर्यंत केस पांढरे झाले. कारण आमच्या 4 टक्क्यांतल्या जागा कोण खातं ते सगळ्यांना माहीत आहे. बोगस प्रमाणपत्रवाले! जिल्हा परिषदेच्या बदल्या निघाल्या की बघा. दुर्गम धडगाव-अक्कलकुव्याला नाव लागलं की गुरुजींचा डावा कान जातो. विशेष संवर्ग भाग 1 मध्ये (बदलीत सवलत मिळणाऱ्या दिव्यांग वगैरेंच्या यादीत) बसले की पाय पुन्हा घराजवळच्या शाळेत.

---

साक्रीचे गुरुजी

कोण कुठला काठीवाला आणि सगळ्या शिक्षकांची इज्जत काढतोय. मी तोरणमाळच्या बाजूला नोकरी काढली आहे, पावसात नाला उतरेपर्यंत पलीकडे बसून. माझी बायको शिक्षिका आहे आणि तिला खरंच ऐकू येत नाही. तुमच्यासारख्यांच्या ओरडण्यामुळे तिला पुन्हा तपासणीला बोलावलं. दिवसभर रांगेत, चहा नाही, वर शिपाई मागून टाळ्या वाजवून बघतोय वळते का! तुमले काय म्हाईत?

---

काठीवाला

वहिनींबद्दल वाईट वाटलं. पण ती रांग कोणामुळे लागली? खोट्यांमुळे. राग तिकडे काढा. तुमच्या संघटनेने एकदा तरी बोगस सहकाऱ्यांची यादी स्वतःहून दिली का? जिल्ह्यात दोघांची नावं सांगा, मी इथेच कान धरतो.

---

साक्रीचे गुरुजी

यादी देणं प्रशासनाचं काम. तुमच्या कार्यालयात चतुर्थ श्रेणीत किती बोगस आहेत त्याची यादी तुम्ही दिली का?

---

भुसावळ यार्ड

रेल्वेतपण हेच आहे हो. सवलतीचा पास काढणारे धडधाकट लोक मी रोज बघतो, डब्यात चढताना पळतात.

---

चटईवाला

चला, म्हणजे लुटारू फक्त कारखानदार नाहीत. बरं वाटलं.

---

गिरणाकाठ

अरे बाबांनो! बोगस प्रमाणपत्राचा स्वतंत्र धागा काढा, मी पहिली प्रतिक्रिया देतो. इथे ज्यांचं प्रमाणपत्र खरं आहे त्यांचं काय हे बोलतोय.

चटईवाले साहेब, तंबाखूचं तुम्ही खरं सांगितलंत. पण नीट वाचा, ते त्या मुलाचं अपयश नाही. सोबत माणूस नव्हता म्हणून झालं. संस्थेने आणून सोडला, फोटो काढला, गेले. आणि पैशाचं रडगाणं असेल तर ईएसआयमध्ये (कामगार विम्यात) दिव्यांग कामगाराच्या मालकाचा हिस्सा भरायची केंद्राची योजना आहे, पगाराची मर्यादाही 21 ऐवजी 25 हजार. कधी चौकशी केली?

चोपड्याच्या ताई, पेन्शनच्या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही. कामाला लागल्यावर निदान वर्षभर पेन्शन चालू ठेवली तर अर्ध्या घरांची भीती जाईल. पण तोवर तुम्ही 2500 सोडू नका, असंच मीही म्हणेन. घरी आईही हेच म्हणते.

---

चटईवाला

ईएसआयचं माहीत नव्हतं. अकाउंटंटला विचारतो. याचा अर्थ मी तुमचं मान्य केलं असा काढू नका. मशीनवर नाही म्हणजे नाही. पॅकिंगला बघू. धोक्याचा दिवा नाही बसवलेला, काठीवाल्यांचं समाधान झालं?

---

अमळनेरची बाई

जळगावला दीपस्तंभचं मनोबल आहे. अंध, अस्थिव्यंग मुलं तिथे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, चांगलं काम आहे. पण माझ्या मुलांनी एमपीएससी द्यायची का? 4 टक्क्यांतला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग या सगळ्यांना मिळून आहे. सातवीचं अंकगणित घेऊन दहावी पास झालेला अध्ययन अक्षम मुलगा त्यात कुठेतरी बसेल. माझा विद्यार्थी परीक्षेच्या हॉलपर्यंतसुद्धा पोचणार नाही.

नाशिकला रजनीताई लिमयांनी 1977 मध्ये अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली ती आपल्याच मुलाची गरज बघून. तिथेही कार्यशाळाच आहे, आणि पालक तिला नावं ठेवत नाहीत. दोन्ही लागतं, भाऊ. सगळ्यांना बाहेर काम जमणार नाही. ज्याला जमणार नाही त्याच्या पणतीला नावं ठेवू नका.

आणखी एक, 18 नंतर बँकेत पगाराचं खातं काढायला गेलात की कळेल. आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टर साहेबांच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा कागद आणावा लागतो. किती पालकांनी आणलाय? तुम्ही आणलाय?

---

गिरणाकाठ

अर्ज केलाय.

बाहेर कोणाला जमेल आणि कोणाला नाही हे पाकिटं चिकटवताना कसं कळतं? एकदा बाहेर नेल्याशिवाय? नावं मी पणतीला ठेवत नाही, पणतीवर थांबण्याला ठेवतो. तुम्ही रागात का होईना, ‘दोन्ही’ म्हणालात. आमच्या वाट्याला एकच आलं.

---

रावेरचा केळीवाला

मी एवढा वेळ वाचतच होतो. कायदे मले समजत नाहीत. माझं केळी पॅकिंग हाऊस आहे. घड कापणं, फण्या काढणं हे विळ्याचं काम, ते नको. पण टाकीतून धुऊन आलेल्या फण्या पुसणं, खोक्यात कागद घालणं, 13 किलोचं वजन करणं, यात विळा नाही, मशीन नाही. बाया काम करतात, त्या शिव्याही शिकवणार नाहीत (शिकवल्या तर अस्सल शिकवतील).

गिरणाकाठ, मले एक सांगा. त्याले काट्यावरचे आकडे वाचता येतात का?

---

गिरणाकाठ

वीसपर्यंत ओळखतो. त्यापुढे गडबड. आणि फण्या वर-खाली करून 13 वर आणणं लगेच जमणार नाही. पहिले पंधरा दिवस मी रजा टाकून सोबत येतो. चालेल का?

---

रावेरचा केळीवाला

मले 13 च पाहिजे, वीसचं काय करू? या. पण पॅकिंग पहाटे सुरू होतं, उन्हाच्या आत. आणि बारा महिने काम नसतं, माल असला तरच. रोज बायांना जो देतो तोच. जास्तही नाही, अर्धाही नाही.

---

चोपड्याची आई

पहाटे म्हणजे एसटी कोणती? आणि बायांमध्ये मुलगी चालेल का, तेही सांगा. पेन्शनचं मी बघेन.

---

रावेरचा केळीवाला

चोपड्याहून पहाटे नाही जमणार ताई, खोटं कशाला सांगू. तुमच्याकडेही केळी आहे, तिकडच्या एक-दोघांना मी विचारतो. नंबर मेसेजमध्ये टाका, इथे नको.

---

अमळनेरची बाई

पंधरा दिवस पुरत नाहीत. महिना धरा. आणि कामाच्या पायऱ्यांची चित्रं काढून भिंतीला लावा, तोंडी सांगू नका. मी काढून देते. रविवारी.

---

साक्रीचे गुरुजी

सगळं छान. पण काठीवाल्यांनी माफी मागितलेली नाही. बायकोच्या कानाच्या बेरा तपासणीचा रिपोर्ट टाकू का इथे?

---

काठीवाला

टाकू नका, वहिनींचा खासगी कागद आहे. आणि माफी बोगसवाल्यांकडे मागा.