ऑस्ट्रेलियात वर्षभर काम आणि भटकंती: पहिलं शहर कुठलं धरू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी २७ वर्षांची, नाशिकची. भारतीयांना वर्षाला १,००० मिळतात त्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या (सबक्लास ४६२) लॉटरीत नंबर लागला आणि व्हिसा हातात आला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचंय. जवळ ५,००० डॉलर आहेत, घरून आणखी मागायचे नाहीत. तीन वर्षं हॉटेलात रिसेप्शनला होते, पण वाढप, साफसफाई, शेत, काहीही चालेल. एकटी आहे, पाठीवर एकच सॅक. उतरू कुठे?

यारातीर
मेलबर्न. अकरा वर्षं राहतोय, अनुभवाने सांगतो. शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट, पावलापावलावर कॅफे, डँडेनाँग या उपनगरात गेलीस तर भाकरीच्या पिठापासून सगळा किराणा. हॉस्टेलच्या भानगडीत पडू नकोस. आम्ही आल्या आल्या दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं, वर्षाचा करार केला, निवांत झालो.

सह्यभटका
घर कशाला? व्हॅन घे! मी ९,००० ला जुनी व्हॅन घेतली, मागे गादी टाकली, सात महिने त्यातच झोपलो. ग्रेट ओशन रोडला पहाटे मागचं दार उघडलं की समोर समुद्र. फक्त अंधार पडल्यावर गाडी हाकू नकोस, कांगारू थेट अंगावर येतात. माझं रेडिएटर त्यातच गेलं, १,४०० डॉलर.

गोदाकाठ
दादा, सगळे मिळून ५,००० आहेत :(

सह्यभटका
मग दोघी-तिघी मिळून घ्या. व्हॅनला पर्याय नाही.

कूजीची_काकू
अगं, सिडनीला ये. मेलबर्नला मेमध्ये आलीस तर थंडीने आणि रिपरिपीने जीव नकोसा होईल. इथे हॅरिस पार्कच्या भारतीय वस्तीत गेलीस की घरची आठवण येणार नाही, कटूंबाला ट्रेनने दोन तासांत ब्लू माउंटन्स. समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, हे माझं ऐकच. माझा भाचा झेंड्यांपासून वीस पावलं बाजूला गेला आणि ओढला गेला. लाइफगार्डने बाहेर काढला. अजून त्याला समुद्राची भीती वाटते.

यारातीर
सिडनीत भाडं किती हेही सांगा. आणि कॉफी मेलबर्नचीच.

कूजीची_काकू
कॉफीचा इथे काय संबंध?

हिशेबी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. पहिल्या आठवड्यात बँक खातं आणि टॅक्स फाइल नंबर (कर भरायचा तुझा क्रमांक). हा नंबर सरकारकडून फुकट मिळतो, कुणी पैसे मागितले तर उठून यायचं. १ जुलै २०२५ पासून किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे, कॅज्युअल (पगारी रजा नसलेली, लागेल तशी बोलावलेली) असशील तर वर २५ टक्के, म्हणजे ३१ च्या पुढे. रोख १५-१८ देतो म्हणणारे भेटतील, घेऊ नकोस. तुझ्या व्हिसावर ४५,००० पर्यंत १५ टक्के कर, पण या व्हिसावरची माणसं ठेवतो अशी मालकाने कर खात्याकडे नोंदणी केलेली हवी, नाहीतर ३० टक्के कापतो. कामाला लागण्याआधी विचार. सुपर, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तिनिधी, १२ टक्के जमा होतो, पण देश सोडताना काढलास की त्यातले ६५ टक्के करात जातात. माझ्या ओळखीच्या पोराच्या हातात जेमतेम तिकिटाचे पैसे आले. हे पैसे हिशेबात धरूच नकोस.

खमंग
+१ टॅक्स फाइल नंबर. अवांतर: लोणचं आणायचं असेल तर सोबत काय आणलंय ते जाहीर करायच्या विमानातल्या कार्डावर लिहा. माझी कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून बघितली आणि परत दिली. ताजा कढीपत्ता मात्र डोळ्यांदेखत टाकून दिला. लिहिलेला होता म्हणून दंड वाचला.

यारातीर
तुपाचं काय?

खमंग
तेही लिहायचं. चिवडासुद्धा.

केळीबाग
मी याच व्हिसावर गेल्या वर्षी होते. क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग या शेतीच्या गावी एका वर्किंग हॉस्टेलने 'काम लावून देतो' म्हणून बोलावलं. पलंगाचं भाडं दर आठवड्याला आगाऊ घेतलं, काम मिळालं आठवड्यातून दोन दिवस. आधी तिथे राहणाऱ्या मुलींशी बोल, मग पैसे दे. बादलीच्या हिशेबाने तोडणी असली तरी २८ एप्रिल २०२२ पासून तासाची किमान रक्कम द्यावीच लागते. मला हे उशिरा कळलं. मग एका रेस्टॉरंटने चार दिवस 'ट्रायल' म्हणून भांडी घासून घेतली, दमडी दिली नाही. फेअर वर्क ओम्बड्समनकडे (पगाराच्या तक्रारी घेणारं सरकारी कार्यालय) तक्रार केली, तेव्हा पैसे आले.
अजून एक, दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर तीन महिने ठरावीक काम लागतं. ४६२ वर उत्तर भागात असशील तर हॉटेल-पर्यटनातलं कामही त्यात धरतात, शेतच पाहिजे असं नाही.

सह्यभटका
बंडाबर्गला व्हॅन असती तर तुम्ही दुसऱ्या शेतावर गेला असतात.

अनुराधा_क्वीन्सलँड
ब्रिस्बेन! बस, ट्रेन, फेरी, काहीही पकडा, ५० सेंट. हिवाळाही सौम्य. बारमध्ये काम हवं असेल तर दारू वाढायचं प्रमाणपत्र लागतं, राज्याराज्यांत नियम वेगळे, तेव्हा राज्य ठरवून मगच कोर्स कर. मी दोनदा पैसे भरले.
हॉस्टेलला घाबरू नकोस. स्वयंपाकघरात 'फ्री फूड' लिहिलेला एक कप्पा असतो, निघणारी माणसं अर्धं तेल, तांदूळ, पास्ता त्यात ठेवून जातात. पहिले दहा दिवस मी त्यावरच डाळ-भात केला. फ्रिजमधल्या पिशवीवर मात्र नाव आणि जायची तारीख लिही, नाहीतर सफाईच्या दिवशी सगळं कचऱ्यात.

यारातीर
शेवटचं सांगतो, मेलबर्न. आमच्या ओळखीतल्या तिघांनी सुरुवात इथेच केली.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तिकीट काढलं: मुंबई-सिंगापूर-डार्विन, म्हणजे थेट उत्तर टोकाला.
केळीबाग ताईंचा शेवटचा परिच्छेद चार वेळा वाचला, मग सरकारी साइटवर ताडून पाहिला. मेमध्ये तिथे कोरडा हंगाम सुरू होतो, पर्यटक येतात, हॉटेलांना माणसं लागतात आणि ते दिवस दुसऱ्या वर्षासाठी मोजले जातात. गरम कपडे घ्यायला नकोत. तीन हॉटेलांना ईमेल केली, एकाने 'आल्यावर भेटा' म्हटलंय. काम लागलं की सुट्टीच्या दिवशी लिचफील्ड आणि काकडू ही राष्ट्रीय उद्यानं, मग ऑक्टोबरअखेर अ‍ॅलिस स्प्रिंग्जमार्गे खाली अ‍ॅडलेड, तिथून मेलबर्न. तोवर तिकडे उन्हाळा लागलेला असेल.

यारातीर
डार्विनला आपलं कोण आहे? चुकतेस.

कूजीची_काकू
तिथे झेंड्यांचं विसर. समुद्रात आणि नदीत पायही घालू नकोस, मगरी असतात. पाटी नसली तरी नाही. पोहायचं तर हॉटेलच्या तलावात.

केळीबाग
गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी मिंडिल बीचला बाजार भरतो, सूर्यास्ताच्या आधी जा. स्टॉलवाल्यांनाही माणसं लागतात, बायोडेटाच्या दहा प्रती सॅकमध्ये ठेव. पहिल्या आठवड्याचं हॉस्टेल आत्ताच बुक कर, हंगामात पलंग मिळत नाही.

गोदाकाठ
केलं. आठ जणींच्या खोलीत, खालचा पलंग.