फिलिपिन्सच्या अमेरिकेविरुद्धच्या लढ्यावरचा सिनेमा: ‘हेनेराल लुना’ बघावा की ‘गोयो’? सल्ला हवाय

आंबटगोड_आमटी
नमस्कार मंडळी. भाचा फिलिपिन्समध्ये दावाओला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी सुट्टीवर येतोय. बाबा (म्हणजे त्याचे आजोबा) शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. नातवाशी बोलायला विषय हवा म्हणून महिनाभर फिलिपिन्सबद्दल मिळेल ते वाचतायत. परवा म्हणाले, "त्या जनरल लुनावर सिनेमा आहे म्हणे, लाव की." शोधलं तर जेरॉल्ड तारोग या एकाच दिग्दर्शकाचे दोन सापडले, २०१५चा ‘हेनेराल लुना’ आणि २०१८चा ‘गोयो’. कुठला लावू? बाबा साडेनवाला झोपतात, तेव्हा दोन तासांच्या वर जायला नको. भाड्याने १५० रुपयांपर्यंत ठीक, नवीन वर्गणी अजिबात घेणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, सबटायटल वाचता आली पाहिजेत. आईपण बसणार आहे, त्यामुळे रक्त बेताचंच हवं.

खारा_शेंगदाणा
लुना. डोळे झाकून लुना. दोन तासांना दोनेक मिनिटं कमीच आहे. अमेरिकन फौज मनिलात ठाण मांडून आणि इकडे मंत्रिमंडळात वाद काय, तर लढायचं की तडजोड करून व्यापार सांभाळायचा! तो लुना एकेकाचा असा उद्धार करतो की आपणच खुर्चीत सावरून बसतो. जॉन आर्सिलाने काम काय केलंय, वा.

मनिला_रिटर्न
मी तीन वर्षं मनिलाजवळ मकातीला होतो, त्यामुळे जरा अधिकाराने बोलतो. सिनेमा नंतर बघा, आधी हुआन लुनाचं ‘स्पोलियारियम’ बघा. हुआन म्हणजे आपल्या जनरल लुनाचा, आन्तोनिओचा, थोरला भाऊ, चित्रकार. १८८४ साली माद्रिदला या चित्राला सुवर्णपदक मिळालं. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अख्खी भिंत व्यापून आहे, रंगमंचाच्या पडद्याएवढं! मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरफटत नेतायत असं दृश्य. सिनेमाच्या शेवटी लुनाचं आणि त्याच्या सहकाऱ्याचं प्रेत ओढत नेतात तो प्रसंग हुबेहूब तसाच मांडलाय. चित्र माहीत नसेल तर डोक्यावरून जाईल. मी ते तीनदा प्रत्यक्ष पाहिलंय.

खारा_शेंगदाणा
@मनिला_रिटर्न, शेवट सांगून टाकलात की हो! स्पॉयलर लिहायची पद्धत आहे इथे.

मनिला_रिटर्न
१८९९च्या घटनेचा कसला स्पॉयलर? उद्या म्हणाल पानिपतचा निकाल सांगू नका.

उंबरठ्यावरची
आई बसणार असेल तर लुना नको हो. आमच्याकडे सासूबाई खंदकातल्या लढाईलाच उठून देवघरात गेल्या, त्या थेट आरतीलाच बाहेर आल्या. आणि काबानातुआन गावातला तो प्रसंग! आधी लुनाला तारेने बोलावून घेतात, अध्यक्ष अगिनाल्दो तिथे नसतोच, आणि स्वतःच्याच बाजूचे सैनिक कोयते, बंदुका घेऊन तुटून पडतात. संपता संपत नाही. ५ जून १८९९ ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही तेव्हापासून.

दीडशहाणा_दीडदमडी
रच्याकने (बाय द वे), ‘हेनेराल’ म्हणजे जनरलच ना? मग सरळ ‘जनरल लुना’ लिहायला काय होतं?

खारा_शेंगदाणा
नावच ते आहे. उद्या ‘श्यामची आई’ला ‘श्यामची मदर’ म्हणाल.

सेल_लागला_की_सांगा
माझा अनुभव ऐका. सिंगापूरच्या सेलमध्ये लुनाची डीव्हीडी घेतली, सात डॉलर. घरी आणली तर प्लेअर म्हणतो हा रिजन चालत नाही. पुतण्याने लॅपटॉपवर लावून दिली तेव्हा कळलं की सबटायटल टागालोगला आहेत, स्पॅनिशला नाहीत. त्यातले सुशिक्षित लोक मध्येच स्पॅनिश झाडतात. मी निम्मा सिनेमा अंदाजाने पाहिला. डीव्हीडी हवी असेल तर पोस्टाने पाठवतो, फक्त पोस्टेज द्या.

जुनाट_रेडिओ
इतिहासाच्या शिक्षकांना सिनेमा कशाला? त्यांना तिकडचा राष्ट्रीय वीर, लेखक होसे रिसाल याच्यावरचा दाखवा, १९९८चा, सेसार मोंतानोने भूमिका केलीय. जवळजवळ तीन तासांचा आहे, पण मुळापासून समजतं. रिसाल कळल्याशिवाय लुना कळत नाही.

आंबटगोड_आमटी
@जुनाट_रेडिओ, दोन तास म्हटलंय हो.

जुनाट_रेडिओ
दोन भागांत बघा. आम्ही मुघल-ए-आझम तसाच पाहिला.

तिरकस_तांब्या
सगळे लुनाची आरती ओवाळतायत म्हणून मी मुद्दाम दुसरी बाजू मांडतो. तो माणूस हुशार होता यात वाद नाही. मूळचा औषधशास्त्राचा डॉक्टर, शिक्षण स्पेनमध्ये, लष्करी विद्या बऱ्यापैकी स्वतः वाचून शिकलेला. पण तापट इतका की हुकूम न ऐकणाऱ्याला सरळ गोळी, ‘आर्तिकुलो ऊनो’, कलम पहिलं! कवित या गावच्या तुकडीने ऐकलं नाही म्हणून तिची शस्त्रं काढून घेतली. पुढे मारायला आले ते त्याच तुकडीचे लोक. सिनेमा त्याच्या रागावर हसवतो, टाळ्याही घेतो, म्हणून बघणाऱ्याला तो राग गोड वाटतो. ऑफिसात असा साहेब असता तर तुम्हीच बदली मागितली असती.

खारा_शेंगदाणा
आमच्याकडे आहे असा साहेब. लढत मात्र कोणाशीच नाही.

दावाओची_पालक
माझी मुलगी पण दावाओला आहे. भाचा कुठल्या कॉलेजला? मेसचं जेवण कसं आहे? इकडून भाजणी नेलेली चालते का विमानतळावर?

आंबटगोड_आमटी
@दावाओची_पालक, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

मनिला_रिटर्न
एक गंमत राहिली. दोन्ही सिनेमांत माबिनी आहे, एपी किसोनने केलाय. पंतप्रधान, क्रांतीचा मेंदू, आणि पोलिओमुळे दोन्ही पाय गेलेले. लुना प्रदर्शित झाल्यावर काही पोरांनी त्या नटालाच विचारलं, म्हणे सबंध सिनेमाभर तुम्ही बसूनच का होता? तिकडे यावर पार गदारोळ झाला होता, शाळेत इतिहास शिकवतात की नाही म्हणून. दहा पेसोच्या नाण्यावर त्याचं चित्र असतं. भाच्याच्या खिशात निघेल एखादं, तेच आजोबांना द्यायला सांगा.

आंबटगोड_आमटी
हे भारी आहे. धन्यवाद.

उंबरठ्यावरची
+१ नाण्याला.

पायवाट
‘गोयो’बद्दल कोणीच लिहीत नाहीये म्हणून. ग्रेगोरिओ देल पिलार, वय २४, जनरल. लुना मेल्यावर सैन्य मोडत चाललंय, अगिनाल्दो उत्तरेकडे पळतोय, मागे अमेरिकन. २ डिसेंबर १८९९ला हा पोरगा ६० माणसं घेऊन तिराद खिंड अडवून धरतो, अध्यक्षाला पुढे जायला वेळ मिळावा म्हणून. समोरून चढणाऱ्यांना काही तास जमत नाही. मग एक स्थानिक वाटाड्या त्यांना मागची चोरवाट दाखवतो आणि खेळ संपतो. पण सिनेमा संथ आहे. निम्मा वेळ गोयो प्रेमपत्रं लिहितो, आरशात बघतो. अडीच तासांच्या वर जातो. लुना आधी पाहिला नसेल तर कोण कोणाचं ते कळत नाही. मी उलट्या क्रमाने पाहिले आणि फसलो. तुमच्या अटींत हा बसत नाही, लुनाच लावा.

दीडशहाणा_दीडदमडी
म्हणजे फिलिपिन्सची पावनखिंडच की!

तिरकस_तांब्या
झालं, आली पावनखिंड. प्रत्येक धाग्यात यायलाच हवी का? बाजीप्रभूंनी अडवलं तेव्हा महाराज विशाळगडावर पोचले आणि पुढे राज्य उभं राहिलं. अगिनाल्दो सव्वा वर्षाने, मार्च १९०१मध्ये पकडला गेला, अमेरिकेशी एकनिष्ठतेची शपथ घेऊन मोकळा झाला आणि १९६४पर्यंत जगला. ज्याच्यासाठी ती ६० माणसं उभी राहिली त्याचं काय झालं हे बघून तुलना करा.

दीडशहाणा_दीडदमडी
मी फक्त खिंड म्हटलं हो. चिडताय काय.

पायवाट
तांब्याशी सहमत, आणि गोयो सिनेमाचा मुद्दाही तोच आहे. त्यात वीराला वीर म्हणून डोक्यावर घेतलेलं नाही. म्हणूनच तिकडच्या लोकांना लुनाइतका आवडला नसावा.

सेल_लागला_की_सांगा
डीव्हीडी कोणाला हवीय का? पोस्टेजही अर्धं मी देतो.

आंबटगोड_आमटी
अपडेट. सगळ्यांनी ‘लुना’ सांगितला होता, मीही तोच शोधून ठेवला होता. चूक एकच झाली, बाबांना हा धागा वाचून दाखवला. "खिंड" म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. ‘गोयो’ लावायला लावला. पहिला तासभर "हा पोरगा लढणार कधी?" असं चाललं होतं. आई मात्र प्रेमपत्रांमुळे खूश. खिंडीचा भाग आला तेव्हा पावणेदहा झाले होते, बाबा खुर्चीच्या कडेवर, चष्मा हातात. संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वाटाड्याचं नाव काय होतं? त्याला का वाटलं असेल दाखवावीशी?" आणि साडेअकरापर्यंत पहाडी जमाती आणि मैदानातले लोक यावर माझी शिकवणी घेतली.

@तिरकस_तांब्या, तुमचं म्हणणं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, खिंड अडवणाऱ्याने पुढच्याचा हिशोब करायचा नसतो. तुम्ही बघा काय ते.

तिरकस_तांब्या
सरांना नमस्कार सांगा. मुद्दा मान्य नाही, पण नमस्कार सांगा.

मनिला_रिटर्न
आणि भाचा? त्याला कसा वाटला? नाणं मिळालं का?

आंबटगोड_आमटी
भाचा दहाव्या मिनिटाला सोफ्यावर आडवा झाला तो सकाळी पोहे झाल्यावर उठला. विमानप्रवासाचा शीण. नाणं मिळालं, बाबांनी चष्म्याच्या डबीत ठेवलंय.

दीडशहाणा_दीडदमडी
भाडं किती पडलं?

आंबटगोड_आमटी
भाड्याने नव्हताच. महिन्याची वर्गणी घ्यावी लागली. २४९.