मुद्रांक शुल्क: कर की फी?

वर्धारोडवाला: मामी नागपुरात, मनीषनगरात फ्लॅट घेतेय. तिला सरकारी खर्चाचा कागद शुद्ध मराठीत लिहून दिला. एक ओळ 'मुद्रांक शुल्क', खालची 'नोंदणी शुल्क, कमाल ३०,०००'. तिने दोन्ही एकच समजून, ४५ लाखांच्या घराला सरकारला फक्त तीस हजार, असं साऱ्या नातेवाइकांत जाहीर केलं. आता चूक माझी की भाषेची? पाच टक्क्यांनी नुसती मुद्रांकाची, म्हणजे स्टॅम्प ड्यूटीच सव्वादोन लाख, वर मेट्रोचा एक टक्का अधिभार. ड्यूटीही शुल्क आणि फीही शुल्क! 'मुद्रांक कर' लिहिलं तर चालेल का?

शब्दखोर: नाही चालणार. शुल्क हा कराच्याच घराण्यातला शब्द. कौटिल्याचा शुल्काध्यक्ष जकात वसूल करायचा. सीमाशुल्क, उत्पादन शुल्क पाहा. आगंतुक आहे ते 'नोंदणी शुल्क'. तिथे सरळ 'फी' लिहा. शाळेची फी म्हणताना जीभ अडखळते का आपली?

अनुस्वार: मग मुलीच्या बापाला देत ते कन्याशुल्क काय, कर होता? शुल्काचा मूळ भाव 'मोल' असाच असणार.

शब्दखोर: 'असणार' म्हणजे कोशात पाहिलं नाही.

धंतोलीकर: राजेहो, हे दोन्ही शब्द नागपुरात बोलतं कोण? आम्ही विचारतो, "रजिस्ट्रीले किती लागले?" त्यात स्टॅम्प, फी, अर्जनवीस, चहा, सगळं आलं. आणि भाऊ, घर मामीच्या एकटीच्या नावावर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून बायांना ड्यूटीत एक टक्का सूट आहे. मामाचं नाव जोडलं की सूट गेली.

वर्धारोडवाला: ४५ हजार वाचतील! पण मामाला सांगणार कोण?

सदाशिवी: 'रजिस्ट्री' हिंदीतून आलेलं. मराठीत दस्तनोंदणी, आणि कागदाला खरेदीखत.

धंतोलीकर: आमच्याकडे विक्रीपत्र. कागद तोच, तुम्ही घेणाऱ्याच्या बाजूने पाहता, आम्ही विकणाऱ्याच्या. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, म्हणून सात-बारावर जमिनीच्या नंबराला खसरा आणि घराची आखीव पत्रिका. तुमची मिळकत पत्रिका. आता यातलं अशुद्ध कोणतं ते सांगा.

सदाशिवी: अशुद्ध म्हणालोच नाही. हिंदी म्हणालो.

अनुस्वार: हिंदीवाले 'स्टांप शुल्क' म्हणतात. आपला 'मुद्रांक' बँक-कोर्टाबाहेर कुणी वापरत नाही. आजोबा 'स्टँपाचा कागद' म्हणायचे.

वर्धारोडवाला: कागद पुन्हा लिहिला: 'स्टॅम्पचे' आणि 'रजिस्ट्रीची फी'. मामीला लगेच समजलं. आता विचारते, टक्के आपल्या भावावर की सरकारी भावावर?

धंतोलीकर: दोन्हींत जो जास्त असेल त्यावर. रेडी रेकनर पाहून घ्या.

शब्दखोर: 'बाजारमूल्य दर तक्ता' म्हणा.

धंतोलीकर: त्यात बाजाराचा भाव असता तर म्हटलं असतं. सरकारी भाव हेच बरं.

सदाशिवी: मामींनी सौदा पक्का करायला विसार दिला का?

वर्धारोडवाला: इसार. हो, एक लाख.

सदाशिवी: विसार! 'विश्वास'वरून आलाय तो.

शब्दखोर: कुणी सांगितलं?

सदाशिवी: आमच्या मास्तरांनी.

अनुस्वार: आमच्या अमरावतीला बयाणा म्हणतात, आणि घेतलेला बयाणा कुणी परत देत नाही. हा धागा वेगळा काढू या का?