संकल्पनात्मक कलेची प्रतिकृती चौकटीत घालून घरात लावावी का?

मूळ मत

समकालीन संकल्पनात्मक कलाकृतींच्या, म्हणजे ज्यांत वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पना महत्त्वाची असते अशा कृतींच्या, छापील प्रतिकृती चौकटीत घालून घरात लावण्याची पद्धत आता रुळली आहे. निसर्गचित्राच्या किंवा व्यक्तिचित्राच्या प्रतिकृतीला माझा आक्षेप नाही, कारण तिथे रंगाचा थर आणि मूळ आकारमान हरवले तरी रचना शिल्लक राहते आणि पाहणाऱ्याला तिच्यातून पुष्कळ काही मिळते. संकल्पनात्मक कलेच्या बाबतीत मात्र मागे नेमके काय उरते, हा माझा प्रश्न आहे.

कलावंत जोसेफ कोसुथ यांची १९६५ ची ‘एक आणि तीन खुर्च्या’ ही कृती पाहा. तिच्यात एक खरी खुर्ची, त्याच खुर्चीचे छायाचित्र आणि शब्दकोशात ‘खुर्ची’ या शब्दाचा दिलेला अर्थ मोठा करून शेजारी लावलेला असतो. वस्तू, प्रतिमा आणि शब्द यांपैकी खुर्ची कोणती, हा प्रश्न तिन्हींसमोर प्रत्यक्ष उभे राहिल्यावर पडतो. या मांडणीचे छायाचित्र कागदावर छापले की खरी खुर्चीही छायाचित्रच होते, म्हणजे ज्या भेदावर सारी कृती उभी आहे तो भेदच पुसला जातो. मग भिंतीवर जे लागते ते कलाकृतीचे ओळखपत्र असते. वस्तूच्या मोहातून कलेला सोडवू पाहणाऱ्या चळवळीला पुन्हा काचेमागची वस्तू करून टाकणे मला पटत नाही.

पहिला प्रतिसाद

कोसुथ यांच्याबद्दलचा आपला मुद्दा मान्य आहे, पण एका उदाहरणावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. कलावंत मार्सेल द्यूशाँ यांचे ‘फाउंटन’, म्हणजे कलाकृती म्हणून पाठवलेले मुतारीचे तयार भांडे, १९१७ मध्ये प्रदर्शनात स्वीकारले गेले नाही, आणि ती मूळ वस्तू पुढे हरवली. आज आपल्याला ती कृती ठाऊक आहे ती छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी काढलेल्या छायाचित्रामुळे. संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक प्रती त्या छायाचित्राच्या आधारे, द्यूशाँ यांच्या संमतीने, १९६४ मध्ये घडवलेल्या आहेत. ज्या कृतीपासून ही सारी परंपरा मोजली जाते तीच जर छायाचित्रामुळे टिकली असेल, तर छायाचित्राला ‘ओळखपत्र’ म्हणून बाजूला सारणे योग्य नाही.

संकल्पनात्मक कलावंत सोल लेविट यांनी १९६७ च्या लेखात स्पष्ट मांडले होते की अशा कलेत कल्पना प्रधान असते आणि सारे निर्णय आधीच झालेले असल्याने प्रत्यक्ष अंमलबजावणी हा उपचार उरतो. हे खरे असेल तर माध्यम बदलल्याने कलाकृती मरत नाही. उलट, तैलचित्राच्या प्रतिकृतीत जितके हरवते तितके येथे हरवू नये.

दुसरा प्रतिसाद

मी चौकटी बनवण्याच्या कामात आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. ‘छापील प्रत’ या एका शब्दात या चर्चेत तीन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कलावंत जॉन बाल्डेसारी यांनी ‘यापुढे मी कंटाळवाणी कला करणार नाही’ या आशयाचे वाक्य १९७१ मध्ये कॅनडातील एका कलाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून भिंतीवर पुन्हा पुन्हा लिहवून घेतले, आणि त्याच वाक्याचा लिथोग्राफही (शिळाछापाने काढलेले चित्र) काढला. तो लिथोग्राफ कशाचीही प्रतिकृती नाही. तो स्वतःच मूळ आहे. दुसरा प्रकार कलावंत फेलिक्स गोन्झालेस-टोरेस यांच्या कागदांच्या गठ्ठ्यांचा. प्रेक्षकाने त्यांतला कागद घरी न्यावा आणि गठ्ठा पुन्हा भरला जावा, हीच त्या कृतीची अट आहे. पण नेलेला एकटा कागद म्हणजे संपूर्ण कृती नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे मांडणीचे छायाचित्र पोस्टर म्हणून छापणे. मूळ मत मांडणाऱ्यांचा आक्षेप फक्त या तिसऱ्या प्रकाराला लागू पडतो.

कोणताही प्रकार असो, आम्लरहित माउंट (चित्राला आधार देणारा पुठ्ठा) वापरावा आणि थेट ऊन टाळावे. कागद पिवळा पडला की त्यावरचा काळा मजकूर आधी होता तसा बोलत नाही. हयात कलावंताची प्रत घेताना ती परवानगीने छापली आहे का, हेही विचारावे. पानेच्या पाने कल्पनेवर बोलायचे आणि कल्पना ज्याची त्याला काहीच मिळू द्यायचे नाही, हे मला सहन होत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

हे वर्गीकरण मला आधी सुचायला हवे होते. बाल्डेसारी यांच्या लिथोग्राफबाबत माझा आक्षेप मी मागे घेतो. तथापि ‘कल्पना प्रधान’ म्हणून कागदावर काहीही उतरते, हे मला मान्य नाही. जपानी कलावंत ऑन कावारा यांनी ४ जानेवारी १९६६ पासून ज्या दिवशी चित्र काढले त्या दिवसाचीच तारीख कॅनव्हासवर हाताने, साच्याविना रंगवली, आणि मध्यरात्रीपर्यंत चित्र पूर्ण झाले नाही तर ते नष्ट केले. त्या चित्रात एका माणसाचा एक दिवस प्रत्यक्ष खर्च झालेला आहे. छापखान्यातून काही सेकंदांत बाहेर पडलेल्या प्रतीत अंक तेच असतात, पण दिवस नसतो.

तिसरा प्रतिसाद

आमच्या घरात अशीच एका तारखेच्या चित्राची प्रतिकृती आहे. ती तारीख माझ्या बहिणीच्या जन्माची आहे आणि योगायोगाने त्याच दिवशी कावारा यांनी चित्र रंगवले होते. ती प्रत म्हणजे मूळ चित्र असा भ्रम आम्हांला कधीच नव्हता. पण आमच्या घरात जन्म होत असताना जगात दुसरीकडे कोणीतरी तोच दिवस शांतपणे रंगवत बसले होते, ही जाणीव त्या कागदाने रोज जागी ठेवली आहे. आपण म्हणता तो दिवस आम्हांला कागदात सापडत नसेल. तो आम्ही कागदाकडे पाहताना आठवतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

आपल्या घरची प्रत काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. ती पाहताना मूळ चित्र दुसरीकडे आहे याचे भान सुटत नाही, आणि माझी मागणी तेवढीच होती. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की मांडणीच्या छायाचित्राऐवजी लेविट यांच्या भित्तिरेखाटनासारख्या, म्हणजे भिंतीवर काय काढायचे हे सांगणाऱ्या, सूचना घेऊन माझ्या भिंतीवर पेन्सिलीने स्वतः रेषा काढाव्यात.

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

जरूर काढा, पण लेविट यांच्या भित्तिरेखाटनासोबत प्रमाणपत्र आणि आराखडा असतो, आणि ते ज्याच्याकडे असतात त्याच्याकडेच ती कृती असते. प्रमाणपत्राविना काढलेल्या आपल्या रेषा कितीही काटेकोर असल्या तरी प्रतिकृतीच ठरतील. तेव्हा त्या रेषांच्या शेजारी आमच्या चौकटींनाही जागा द्यावी, ही विनंती.